पित्त, ॲसिडिटी, गॅस की रिफ्लक्स? लक्षणं वेगळी कशी करायची?

केळफूल

सोसायटीतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यासाठी एक पानभर टिपण करतेय, विषय ॲसिड रिफ्लक्सची, म्हणजे जठरातलं आम्ल उलटं अन्ननलिकेत येण्याची, लक्षणं. अडचण अशी की कट्ट्यावर ‘रिफ्लक्स’ कुणीच म्हणत नाही. कुणाला पित्त झालेलं असतं, कुणाला गॅस धरलेला असतो, कुणाचं जेवण घशाशी येतं, तर कुणाला करपट ढेकर येतात. औषध मात्र सगळ्यांचं एकच, सकाळची कॅप्सूल.

मला हवंय ते असं. नेमकी कोणती लक्षणं रिफ्लक्सची धरायची आणि कोणती नाही? आठवड्यातून किती वेळा झालं तर त्याला दुखणं म्हणायचं? छातीतली जळजळ आणि हृदयाचं दुखणं यांत घरी बसून कितपत फरक करता येतो? खोकला, आवाज बसणं हेही ॲसिडिटीनं होतं म्हणतात, त्यात किती तथ्य आहे? ‘तिखट टाळा, ताण घेऊ नका’ एवढंच सांगणारे लेख पोत्यानं मिळतात, तेव्हा कृपया तपशील द्या.

दंडकारण्य

टिपणाची सुरुवात शब्दांपासूनच करा, निम्मा घोळ तिथेच आहे. मराठीत ‘पित्त’ या एका शब्दात किमान चार वेगळी दुखणी कोंबलेली आहेत.

‘अंगावर पित्त उठलं’ म्हणजे गांध्या. त्याचा जठरातल्या आम्लाशी संबंध नाही, तो त्वचेतल्या हिस्टामिनचा खेळ. (गंमत म्हणजे जठरात आम्ल सोडायची सूचनाही हिस्टामिनच देतं, फक्त त्याची कुलुपं वेगळी. जुना शब्द अगदीच हवेत नव्हता.) ‘पित्तानं डोकं दुखतंय, उलटी झाली की बरं वाटेल’ यातली पुष्कळ मंडळी अर्धशिशीची असतात: डोक्याची एक बाजू ठणकते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, मळमळतं. तिथे डोकेदुखी आधी असते, पोट तिच्या मागून बिघडतं. ‘पित्ताचे खडे’ म्हणजे पित्ताशयातले खडे. आणि चौथं, छातीत जळजळून आंबट वर येणं. हाच रिफ्लक्स, आणि तुमचं टिपण फक्त या चौथ्याबद्दल आहे.

उलटीत पडणारं पिवळं-हिरवं कडू पाणी पाहून लोक म्हणतात, बघा, पित्त पडलं. ते यकृताचं पित्त असतं. पोट रिकामं झाल्यावरही उमासे येत राहिले की ते लहान आतड्यातून उलटं जठरात येतं. त्यावरून रिफ्लक्स सिद्ध होत नाही.

आता यंत्रणा. अन्ननलिका साधारण 25 सेंटिमीटर लांब असते. ती जठराला मिळते तिथे 3–4 सेंटिमीटरचं स्नायूंचं वलय असतं, शिवाय बाहेरून श्वासपटलाची पकड असते. घास आला की वलय उघडतं, एरवी आवळलेलं राहतं. बहुतेकांत हे वलय कायमचं सैल पडलेलं नसतं. ते अधूनमधून, घास नसतानाही, काही सेकंद आपोआप ढिलं होतं. ढेकर बाहेर पडते ती याच वाटेनं, म्हणजे हे थोडंफार प्रत्येकाला होतं. जठर तट्ट भरलेलं असलं की ते जास्त वेळा होतं आणि हवेबरोबर आम्लही वर सरकतं. जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या भोकातून छातीत सरकलेला असेल, म्हणजे हायटस हर्निया असेल, तर बाहेरची पकडही जाते.

जठराचं अस्तर या आम्लाला पुरून उरतं, अन्ननलिकेचं उरत नाही. तपासणीत अन्ननलिकेतला पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) 4 च्या खाली गेला की त्याला आम्लाचा रिफ्लक्स म्हणतात.

एक प्रश्न हमखास येईल, तो आधीच घ्या: पोटभर जेवल्यावर अन्नानं आम्ल सौम्य व्हायला हवं, मग जळजळ जेवल्यावरच का? जेवणानंतर ताजं आम्ल अन्नात पूर्ण मिसळत नाही. अन्नाच्या थरावर, अगदी वलयाच्या खाली, त्याचं एक डबकं साचतं. वलय उघडलं की पहिलं तेच वर येतं.

खात्रीची लक्षणं दोनच.

छातीत जळजळ: उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, मागे, खालून वर घशाकडे सरकणारी. जेवल्यावर अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत सुरू होते. वाकलं, आडवं झालं, पोटावर दाब आला की वाढते. कट्ट्यावर विचारा, ‘कुठे होतं ते हातानं दाखवा.’ रिफ्लक्सवाला उघडा तळवा पोटाच्या खड्ड्यापासून गळ्याकडे वर नेतो. पोटाच्या खड्ड्यावर एकच बोट ठेवून ‘इथे’ म्हणणाऱ्याचं दुखणं बऱ्याचदा जठराचं किंवा अल्सरचं निघतं. हा दंडक नव्हे, पण प्रश्न चांगला आहे.

घशाशी येणं: मळमळ नाही, उमासे नाहीत, पोटाला जोर दिलेला नाही, तरी आंबट-कडू पाणी किंवा अन्नाचा अंश घशात, तोंडात येतो. उलटी आणि हे यांतला फरक नेमका हाच, उलटीला जोर लागतो. फरशी पुसायला किंवा चपलेचा पट्टा लावायला वाकल्यावर तोंड आंबट होणं हे नमुनेदार चित्र.

तिसरं लक्षण जोडीला येतं, एकदम तोंडभर खारट पाणी सुटणं. ती लाळ असते. अन्ननलिकेत आम्ल आलं की लाळग्रंथी जोरात कामाला लागतात, कारण लाळेत आम्ल मारणारं बायकार्बोनेट असतं. म्हणजे ‘आंबट पाणी आलं’ आणि ‘पाणी सुटलं’ या दोन वेगळ्या तक्रारी, विचारताना वेगळ्या विचारा.

पोट फुगणं, दोन घासांत भरल्यासारखं वाटणं, वरच्या पोटात जडपणा हे अपचनाचं कुटुंब. रिफ्लक्सबरोबर असू शकतं, पण एकटं असेल तर त्याला रिफ्लक्स म्हणू नका.

किती वेळा? 2006 साली प्रसिद्ध झालेली ‘माँट्रियल व्याख्या’ अजून उपयोगी आहे: सौम्य त्रास आठवड्यातून दोन किंवा जास्त दिवस, किंवा मध्यम-तीव्र त्रास एक दिवस जरी झाला, तरी तो दुखण्यात धरायचा. लग्नाच्या पंगतीनंतर एकदा झालेली जळजळ यात बसत नाही.

ईसीजी_पट्टी

हृदयाचा परिच्छेद मी लिहितो, आणि तो टिपणात सगळ्यात वर, ठळक टाका.

घरी बसून ‘हे हृदयाचं आहे’ असा संशय घेता येतो. ‘हे हृदयाचं नाही’ असा निर्वाळा देता येत नाही. वरचं सगळं वर्णन जुळलं तरीही.

संशय कशावर घ्यायचा: आवळल्यासारखं, दडपल्यासारखं, छातीवर पाटा ठेवल्यासारखं, दुखणं खांद्यात, हातात, जबड्यात, पाठीत जाणं, सोबत थंड घाम, धाप, घाबरं होणं, अंधारी. जळजळच असते असं नाही, पण जळजळही असते. हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका आला तर वरचं पोट दुखणं, मळमळ आणि ढेकर एवढंच दिसू शकतं. मधुमेही, स्त्रिया आणि वयस्कर यांच्यात अशी फसवी लक्षणं जास्त.

कट्ट्यासाठी खास: ‘जेवून शतपावलीला निघालं की छाती भरून येते, उभं राहिलं की दोन-पाच मिनिटांत उतरते, ढेकर आली की बरं वाटतं.’ हा माणूस महिनोन्‌महिने गॅसची गोळी खातो. चालल्यावर येणारं आणि थांबल्यावर जाणारं दुखणं हे अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडण्याचं, वर्णन आहे, जेवण त्यात फक्त भर घालतं. श्रमानं रिफ्लक्सही वाढतो, हे खरं. तरी श्रमाशी जोडलेलं काहीही आधी हृदयाच्या खात्यात टाकायचं, तिथून सुटलं की मग पोटाच्या.

दोन खोटे पुरावे लोक फार मानतात. पातळ अँटासिड पिऊन बरं वाटलं म्हणजे ॲसिडिटीच होती, असं नाही. हृदयाचं दुखणंही मध्येच ओसरतं. आणि जिभेखालची गोळी ठेवून बरं वाटलं म्हणजे हृदयच होतं, असंही नाही. ती गोळी अन्ननलिकेचा पेटकाही सोडवते.

वरच्यासारखं दुखणं विश्रांती घेऊनही थांबत नसेल तर 108 ला फोन, स्वतः गाडी चालवत जायचं नाही. दवाखान्यात पोहोचल्यावर 10 मिनिटांत ईसीजी व्हावा अशी अपेक्षा असते. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून उठून घरी यायचं नसतं. ईसीजी पुन्हा काढतात, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) पाहतात, तेही काही तासांच्या अंतरानं परत.

चौकडीची_वही

दंडकारण्य यांनी दिलेली व्याख्या बरोबर, पण ‘आठवड्यातून किती दिवस?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘रोजच की हो!’ आठवणीवर जाऊ नका, सात दिवस वही ठेवायला सांगा. जगभर वापरली जाणारी सहा प्रश्नांची एक सोपी पद्धत आहे, गर्डक्यू नावाची. मागच्या सात दिवसांपैकी किती दिवस, एवढंच मोजायचं.

चार प्रश्न रिफ्लक्सच्या बाजूचे: छातीत जळजळ, आंबट वर येणं, या दोन्हींमुळे झोपमोड, आणि डॉक्टरांनी दिलेल्याशिवाय स्वतःहून घेतलेलं ॲसिडिटीचं औषध. एकही दिवस नाही तर 0 गुण, 1 दिवस 1, 2–3 दिवस 2, 4–7 दिवस 3.

दोन प्रश्न विरुद्ध बाजूचे: वरच्या पोटात मध्यभागी दुखणं आणि मळमळ. इथे गुण उलटे. एकही दिवस नाही तर 3, 1 दिवस 2, 2–3 दिवस 1, 4–7 दिवस 0.

बेरीज 8 किंवा जास्त आली तर रिफ्लक्सची शक्यता बरीच. उदाहरण करून दाखवतो. जळजळ 3 दिवस (2), आंबट पाणी 1 दिवस (1), झोपमोड 1 दिवस (1), जादा औषध 2 दिवस (2), वरचं पोट दुखलं नाही (3), मळमळ नाही (3). बेरीज 12. दुसऱ्या माणसाला जळजळ 1 दिवस (1), आंबट पाणी नाही (0), झोप नीट (0), औषध 3 दिवस (2), वरच्या पोटात दुखणं 5 दिवस (0), मळमळ 3 दिवस (1). बेरीज 4. दोघंही कट्ट्यावर ‘मला ॲसिडिटी’ असंच म्हणतील. दुसऱ्याला जठराची तपासणी, जठरात व्रण करणारे हेलिकोबॅक्टर जंतू, दुखऱ्या गुडघ्यासाठीच्या वेदनाशामक गोळ्या, या वाटेनं शोधायला हवं.

एक चमत्कारिक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कट्ट्यावर कुणीतरी पकडेलच. ज्याला काहीच त्रास नाही त्याचेही 6 गुण होतात, कारण ‘दुखत नाही, मळमळत नाही’ याचे 3–3 मिळतात. म्हणून ही पद्धत तक्रार असलेल्यांसाठीच. निरोगी माणसानं बेरीज करून घाबरू नये.

वहीत वेळही लिहायला लावा: जेवलो किती वाजता, आडवा झालो किती वाजता, जळजळ किती वाजता. साडेनऊला जेवण, दहाला गादी, अकराला जळजळ असं तीन दिवस ओळीनं दिसलं की आहाराची लांबलचक यादी वाचायची गरजच राहत नाही.

गोळीबंद

औषधामुळे लक्षणं झाकली कशी जातात आणि ‘गोळीनं फरक पडत नाही’ असं का वाटतं, ते काउंटरच्या या बाजूनं सांगतो.

सकाळची कॅप्सूल म्हणजे पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल यांपैकी एक. ही औषधं आम्ल मारत नाहीत, आम्ल सोडणारे पंप बंद करतात, तेही चालू असलेलेच. पंप चालू होतात जेवणानं. औषध रक्तात टिकतं जेमतेम तास-दोन तास. म्हणून ते नाश्त्याआधी 30 ते 60 मिनिटं घ्यायचं आणि नंतर खरंच खायचं. इथे बिघडतं ते असं: गोळी घेतली, चहा घेतला, आणि जेवण थेट बाराला. पंप उठले तेव्हा औषध ओसरलेलं. किंवा जळजळ सुरू झाल्यावर गोळी घेतली. तिचा पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस सलग घ्यावी लागते, दहा मिनिटांत तिच्याकडून काय होणार? वरचं आवरण आम्लापासून संरक्षणासाठी असतं, तेव्हा चावून किंवा कुटून घेऊ नये.

नमुनेदार लक्षणं असतील आणि धोक्याच्या खुणा नसतील तर डॉक्टर बहुधा आठ आठवडे देतात आणि मग थांबवून किंवा कमी करून बघतात. दीर्घकाळ घेतल्यावर एकदम बंद केली की काही काळ आम्ल उसळी मारतं. ते पाहून ‘गोळीशिवाय चालतच नाही’ असा निष्कर्ष निघतो. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी केली तर हे टळू शकतं. वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-12 आणि मॅग्नेशियम तपासण्याविषयी विचारा.

डॉमपेरिडोन या मळमळीवरच्या औषधाची जोड असलेली कॅप्सूल स्वतःच्या मनानं रोज घेऊ नका. डॉमपेरिडोनमुळे हृदयाच्या ठोक्यांत गडबड होऊ शकते, त्यात वयस्कर आणि हृदयरोगी आधी. रॅनिटिडिनच्या जुन्या पट्ट्या घरात असतील तर त्यावरही एक ओळ लिहा: एनडीएमए या कर्करोगाचा संशय असलेल्या अशुद्धीमुळे अमेरिकेत 2020 मध्ये ते बाजारातून काढायला लावलं आणि आपल्याकडे 2022 च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलं. त्याच कुळातलं फॅमोटिडिन मिळतं.

पातळ अँटासिड काही मिनिटांत काम करतं, रिकाम्या पोटी अर्धा-पाऊण तास टिकतं. मॅग्नेशियमवालं पोट सैल करतं, ॲल्युमिनियमवालं घट्ट, म्हणून दोन्ही एकत्र असतात. थायरॉइडची गोळी, लोह, डॉक्सिसायक्लिन यांबरोबर घेतलं तर त्यांना धरून बसतं. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवा. अल्जिनेट असलेलं द्रावण जेवणानंतर घ्यायचं. ते वर सांगितलेल्या आम्लाच्या डबक्यावर तरंगती साय धरतं.

खाण्याचा सोडा आणि फसफसणारी पावडर: अर्ध्या चहाच्या चमच्याएवढ्या सोड्यात सुमारे 600 मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे दीड ग्रॅम मिठाइतकं. रक्तदाब किंवा हृदयाचा अशक्तपणा असणाऱ्यांनी रोज घेऊ नये. मोठी ढेकर येते ती सोड्याचाच वायू बाहेर पडतो म्हणून. ‘अडकलेला गॅस निघाला’ असं वाटतं, पण तो आत्ताच आत घातलेला असतो.

आणि उलट बाजू. काही गोळ्याच हे दुखणं वाढवतात. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन, हृदयासाठीची नायट्रेट, दम्याची थिओफिलिन वलय सैल करतात. डॉक्सिसायक्लिन, लोह आणि हाडांसाठीची आठवड्याची अलेंड्रोनेट अन्ननलिकेला चिकटून तिथे व्रण करू शकतात. ‘काल रात्री गोळी घेतली आणि आज सकाळपासून गिळताना टोचतंय’ हे त्याचं लक्षण. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नका. रक्तदाबाची गोळी मात्र परस्पर बंद करायची नाही, बदलून मागायची.

स्वरयंत्र

घशाच्या तक्रारींबद्दल. सकाळी आवाज घोगरा, सतत खाकरावंसं वाटणं, घशात गोळा अडकल्याची भावना (गिळताना नव्हे, मोकळं बसल्यावर), रात्री ठसका लागून जाग येणं, आडवं झाल्यावर कोरडा खोकला. हे सगळं रिफ्लक्सनं होऊ शकतं, आणि यातल्या बऱ्याच जणांना छातीत जळजळ नसतेच.

पण या लक्षणांचं दुसरं कारणही तितकंच संभवतं. म्हणून जळजळ आणि आंबट पाणी नसताना नुसत्या खोकल्यावर ‘ॲसिडिटीचा खोकला’ असा शिक्का मारू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची क्षयासाठी तपासणी आधी. रामिप्रिल, एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी काही चालू असेल तर कोरडा खोकला त्या गोळीचा असू शकतो. आवाज तीन-चार आठवड्यांत मोकळा झाला नाही, तर दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहून घ्या. तंबाखू, मिसरी, गुटखा यांपैकी काही असेल तर त्याहून आधीच. मिसरी लिहाच. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त मिसरी लावते’ असं उत्तर ठरलेलं असतं. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि निकोटिन वलयही सैल करतं.

ढेकरांबद्दल एक खूण: दिवसभर मिनिटाला दोन-चार ढेकर आणि झोपेत एकही नाही, तर तो बहुधा नकळत हवा ओढून लगेच बाहेर टाकण्याचा लागलेला चाळा. आम्लाची कॅप्सूल त्यावर चालत नाही.

दाढदुखी

दातांची एक ओळ घालाच. वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू गुळगुळीत, पिवळसर, झिजलेली दिसली तर वर येणारं आम्ल हे संभाव्य कारण. दात आंबतात, थंड लागतं. आंबट पाणी आल्यावर लगेच ब्रश करू नका, मऊ पडलेला थर घासला जातो. साध्या पाण्यानं चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासानं.

केळफूल

सगळ्यांचे आभार, हे एक पान राहिलेलं नाही! तीन उपप्रश्न. थंड दूध, कोकम सरबत, मोरावळा यांचं काय लिहू? ‘बोटं घालून पित्त काढलं की मोकळं वाटतं’ म्हणणाऱ्यांना काय सांगू? आणि ‘एंडोस्कोपी नॉर्मल आली, म्हणजे मला ॲसिडिटी नाही, मनाचे खेळ आहेत’ हे बरोबर का?

दंडकारण्य

दूध: पहिली काही मिनिटं बरं वाटतं, मग त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात, आणि साईचं दूध पोटात रेंगाळतं. झोपताना पेलाभर दूध पिऊन लगेच आडवं होणं ही रिफ्लक्ससाठी वाईट सवय. कोकम आणि आवळा दोन्ही मुळात आम्लच. काहींना सोसतात, काहींना जळजळ वाढवतात. वहीत दिसेल ते खरं. यावर मी कट्ट्यावर भांडण काढणार नाही.

मात्र सगळ्यांना एकच पथ्याची यादी देऊ नका. तळलेलं, चहा-कॉफी, चॉकलेट, पुदिना, दारू, टोमॅटो हे नेहमीचे संशयित आहेत, दोषी ज्याचा त्यानं ठरवायचा. उपवासावर लक्ष ठेवा: दिवसभर चहावर राहून संध्याकाळी तुपातली साबुदाणा खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि वर झोप. यात उपवासापेक्षा शेवटच्या एका ताटाचा दोष जास्त.

उलटी काढणं थांबवा, हे स्पष्ट लिहा. जोरानं आम्ल वर आणलं की दात झिजतात, अन्ननलिका जठराला मिळते तिथे चीर पडून रक्त येऊ शकतं. ग्लासभर मिठाचं पाणी पिऊन उलटी काढणं त्याहून धोक्याचं, रक्तातलं सोडियम भलतंच चढू शकतं. वैद्यांच्या देखरेखीतलं वमन ही वेगळी गोष्ट; बेसिनपाशी उभं राहून केलेलं म्हणजे वमन नव्हे.

एंडोस्कोपी: रिफ्लक्स असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांची एंडोस्कोपी नॉर्मल दिसते. आम्ल येतं, झोंबतं, पण व्रण पडलेला नसतो. शिवाय आठवडेच्या आठवडे कॅप्सूल घेऊन तपासणीला गेलात तर होता तो व्रणही भरलेला असतो. निदानासाठीच करायची असेल तर दोन ते चार आठवडे आधी औषध थांबवायचं का, ते विचारा. हेलिकोबॅक्टरची तपासणी असेल तर किमान दोन आठवडे. व्रण दिसले तर अहवालात लॉस एंजेलिस ग्रेड ए ते डी लिहितात, ए सर्वांत सौम्य. सगळं नॉर्मल आणि औषधानंही फरक नाही, तर नाकातून बारीक नळी घालून 24 तास पीएच मोजतात. त्यात पीएच 4 च्या खाली राहिल्याचा वेळ एकूण वेळेच्या 6 टक्क्यांहून जास्त भरला तर रिफ्लक्स नक्की, 4 टक्क्यांहून कमी तर शोध दुसरीकडे.

दुसरीकडे म्हणजे कुठे, याचं एकच उदाहरण देतो. गिळलेली पोळी-भाजी काही तासांनी जशीच्या तशी वर येते, आंबट लागत नाही, पाणीसुद्धा अडकतं. हा ॲकॅलेशिया असू शकतो, ज्यात खालचं वलय उघडतच नाही. रिफ्लक्सच्या अगदी उलट बिघाड, आणि औषध मात्र वर्षभर रिफ्लक्सचंच चालू असतं.

थांबायचं नाही अशा खुणा: घास अडकणं, गिळताना दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, डांबरासारखी काळी शौच (लोहाच्या गोळीनंही काळी होते, पण चिकट-डांबरी नाही), हिमोग्लोबिन घटणं, उलट्या न थांबणं, आणि पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. यांत वहीबिही भरत बसू नका.

केळफूल

शेवटचं. ‘उशाशी उंची द्या’ लिहिलं, तर एका काकांनी विचारलं, तीन उशा घेतो, तरी घशाशी का येतं? आणि त्यांचा पलंग बॉक्सचा आहे, विटा ठेवायला पायच नाहीत.

चौकडीची_वही

तीन उशांनी मान वर जाते, कंबरेत घडी पडते, पोट दाबलं जातं, म्हणून उलट वाढतं. अख्खं धड उतरतं हवं. पायांचा पलंग असेल तर डोक्याकडच्या दोन पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे. नुसत्या विटा सरकतात, त्यापेक्षा वर खोबण केलेला ठोकळा बरा. बॉक्सच्या पलंगाला कडक फोमची पाचर करून घ्या: जाड बाजू 15–20 सेंटिमीटर, आणि लांबी इतकी की कंबरेच्या वरपासून डोक्यापर्यंत पाठ तिच्यावरच राहील. फक्त खांद्यांपर्यंत पोहोचणारी पाचर म्हणजे महागडी उशी. गादीवाल्याकडे जाताना काकांच्या कंबरेपासून डोक्यापर्यंतचं माप घेऊन जा.

आणि कूस डावी. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो, त्या कुशीवर आम्ल वलयाच्या खाली राहतं. उजव्या कुशीवर तेच वलयाच्या तोंडाशी येतं. जेवण आणि झोप यांत तीन तास. काका साडेनऊला जेवत असतील तर पाचर करायला टाकण्याआधी आठवडाभर साडेसातला जेवून पाहायला सांगा, कदाचित फोमचे पैसे वाचतील.